उभ्या टगचं भाडं

अण्णा : म्हणजे काम नसताना उभं राहायचे पैसे घेणारं जहाज. असंच ना?

जावई : तसंच म्हणा हवं तर.

अण्णा : मग आमच्या म्हणण्यात चुकलं काय?

वादाला निमित्त झालं वाढवणचं. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ ७६ हजार कोटींहून जास्त खर्चाचं बंदर उभं राहतंय. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली, आणि तिथून इगतपुरी तालुक्यातल्या भरवीरजवळ समृद्धी महामार्गाला मिळणारा रस्ता मंजूर झाल्यापासून आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षवाल्यांचा न् कांदेवाल्यांचा बंदर या विषयाशी एकदम घरोबा झाला आहे. (वाढवणच्या मच्छीमारांचा बंदराला विरोध आहे, तो जुना आणि वेगळा विषय. पण रस्त्याच्या आनंदात तो आमच्याकडे कोणी काढतही नाही, हे नोंदवून ठेवते.)

अण्णा माझे वडील. निफाड तालुक्यात बाग, हंगामात बराच माल न्हावा शेव्याहून नेदरलँडला. जावई म्हणजे माझा नवरा, मुंबई हायच्या तेलक्षेत्रात काम करणाऱ्या टगवर चीफ ऑफिसर. सुट्टीवर नाशिकला आला की सासऱ्या-जावयांची बैठक आमच्या कॉलेज रोडच्या घरी बसते. दोघं एकमेकांना अहो-जाहो करत भांडतात, त्यामुळे भांडण लांबतं.

जावई सहज बोलून गेला होता, "वाढवणला मोठी जहाजं यायला लागायच्या आधी त्या पट्ट्यात एक ईटीव्ही बारा महिने उभी करायला हवी." ईटीव्ही म्हणजे इमर्जन्सी टोइंग व्हेसल. इंजिन बंद पडलेलं, सुकाणू अडकलेलं किंवा पेटलेलं जहाज किनाऱ्यावर येऊन आपटण्याआधी त्याला गाठायचं, दोर लावायचा आणि खोल पाण्यात धरून ठेवायचं, एवढंच तिचं काम.

अण्णा : बंदरात टग असतातच की. आम्ही न्हावा शेव्याला पाहिल्यात, पुढून-मागून ढकलत असतात जहाजाला.

जावई : त्या जहाज धक्क्याला लावतात न् काढतात. पाणी शांत, अंतर थोडं. हिला जुलै महिन्यात उघड्या समुद्रात जायचं असतं. बंद पडलेलं जहाज वाऱ्याला आडवं होऊन लोळत असतं. त्याच्या विंचला वीज नाही, डेकवर माणसं असली तर दमलेली, नाहीतर नाहीतच. आधी बारीक दोरी बंदुकीने त्याच्यावर फेकायची. तिच्यामागून जाड दोर, त्याच्यामागून वायर. हे सगळं दोन्ही बोटी पाच-सहा मीटर खालीवर होत असताना. मग ओढायला लागायचं, पण हिसका बसू द्यायचा नाही. हिसका बसला की वायर तुटते, आणि तुटलेली वायर डेकवरून फिरली तर माणूस कापते.

अण्णा : ताकद किती लागते?

जावई : हॉर्सपॉवर विचारू नका, बोलार्ड पुल विचारा. टग धक्क्याच्या खुंट्याला बांधून पूर्ण जोराने चालवली तर किती टनांची ओढ देते, ते. बंदरातली टग बहुधा पन्नास-साठ टनांची. जर्मनीने उत्तर समुद्रात ठेवलेली 'नॉर्डिक' दोनशे टनांची आहे. स्पेनची 'क्लारा काम्पोआमोर' त्याहून थोडी जास्त.

अण्णा : आणि वर्षातून किती वेळा ओढते?

जावई : एकदाही नाही, असंही वर्ष जाऊ शकतं.

यावर अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, साक्षीदाराकडे पाहतात तसं.

अण्णा : बघा जावईबापू, तुमच्या मुंबई हायच्या आसपास टगांना तोटा नाही. तुमचीच एक आहे. वेळ आली की भाडं देऊन बोलवा. जे बाजारात मिळतं ते बारा महिने दारात बांधून का ठेवायचं? आणि जहाज कोणाचं? मालकाचं. विमा त्याचा. तेल सांडलं तर दंड त्याला. मग सरकारी तिजोरीतनं, म्हणजे आमच्या-तुमच्या करातनं, त्याच्यासाठी ड्रायव्हर बसवून गाडी उभी करायची, हा कुठला न्याय?

हा प्रश्न कंजुषीचा नाही. इंग्लंडसारख्या दर्यावर्दी देशाने तो विचारला आणि त्याचं उत्तर अण्णांच्या बाजूने दिलं. ५ जानेवारी १९९३ ला 'ब्रेअर' नावाचा टँकर इंजिन बंद पडून शेटलंड बेटांवर आपटला, ८४ हजार टनांहून अधिक कच्चं तेल समुद्रात गेलं. त्यानंतर लॉर्ड डोनाल्डसन यांच्या चौकशी अहवालावरून ब्रिटनने अशा टग ठेवायला सुरुवात केली. पुढे त्या चार झाल्या. आणि २०११ मध्ये काटकसरीच्या लाटेत सरकारने म्हटलं, हा व्यवहार जहाजमालक आणि टगवाल्यांनी आपसात करावा. स्कॉटलंडच्या लोकांनी आरडाओरडा केल्यावर उत्तरेकडच्या बेटांसाठी एक तेवढी राहिली.

ही माहिती जावयाने स्वतःहून सांगितली. मला वाटतं, समोरच्याच्या हातात दगड देऊन मग भांडायची त्याला खोड आहे.

अण्णा : बघा! इंग्रज मूर्ख नाही.

जावई : इंग्रजांनी ज्या वर्षी टग काढल्या, त्याच वर्षी मुंबईत काय चाललं होतं ते आठवा. ११ जून २०११. 'विस्डम' नावाचं जुनं जहाज कोलंबोहून अलंगला भंगारात चाललं होतं. टगने ओढत नेत असताना दोर तुटला. वरळीच्या सागरी सेतूला धडकतंय की काय अशी धास्ती पसरली, आणि शेवटी जुहूच्या वाळूत जाऊन बसलं. ते निघून महिना होत नाही तोच ३१ जुलैला 'पाविट'.

पाविटची गोष्ट मला अजून खरी वाटत नाही. हा छोटा टँकर ओमानच्या बाजूला पाणी शिरल्यामुळे खलाशांनी सोडून दिला होता. तेरा जणांना ब्रिटिश युद्धनौकेने वाचवलं आणि जहाज बुडालं असं सगळे धरून चालले. ते बुडालं नाही. महिनाभर एकटंच अरबी समुद्रात फिरत राहिलं आणि एका रविवारी सकाळी जुहूला फिरायला आलेल्या लोकांसमोर येऊन उभं राहिलं. तेही २६/११ नंतर तीनच वर्षांनी, किनाऱ्यावर तीन पदरी सुरक्षा आहे असं सांगितलं जात असताना. मासेमारीबंदी चालू असल्यामुळे समुद्रात मच्छीमारांच्या बोटी नव्हत्या, नाहीतर त्यांनी आधी पाहिलं असतं.

जावई : आणि चार दिवसांनी, ४ ऑगस्टला, 'राक कॅरिअर'. साठ हजार टन कोळसा घेऊन इंडोनेशियाहून दहेजला चाललेलं जहाज मुंबईसमोर बुडालं. तीसही माणसं वाचली, पण पोटातलं इंधन तेल गळत राहिलं, जुहूपासून गोराईपर्यंत किनारा काळा. एका पावसाळ्यात तीन.

अण्णा : थांबा. बुडणाऱ्या राकला तुमच्या टगने काय केलं असतं?

जावई : फार काही नाही.

अण्णा : २०१० ची ती टक्कर? आमचा माल तेव्हा नव्हता, पण आडतीवर सगळे बोंबलत होते.

जावई : 'एमएससी चित्रा' न् 'खलिजिया'. ७ ऑगस्ट. चित्रावर बाराशेच्या वर कंटेनर होते, त्यातले शेकडो पाण्यात तरंगायला लागले, काहींत कीटकनाशकं. सुमारे ८०० टन तेल सांडलं, एलिफंटा-उरणच्या तिवरांत शिरलं. बंदराचा रस्ता काही दिवस बंद. नाही, तिथेही टगचा उपयोग नव्हता. बंदराच्या तोंडावर दोन जहाजं एकमेकांवर आदळली तर ओढायचं कोणाला?

अण्णा : म्हणजे चार उदाहरणं सांगितलीत, त्यातली दोन तुमच्याच तोंडून बाद. आणि राकच्या मालकाला दंड झाला म्हणतात ना?

जावई : झाला. हरित न्यायाधिकरणाने १०० कोटी भरायला सांगितले. २०१६ साली. जहाज बुडाल्यावर पाच वर्षांनी.

अण्णा : पण झाला ना?

जावई : अण्णा, दंडाने किनारा धुतला जात नाही. जी मासळी त्या हंगामात कोणी विकत घेतली नाही ती पाच वर्षांनी विकली जात नाही. आणि जे जहाज भंगाराच्या भावाने चाललंय, त्याच्या मालकाची कंपनी एका देशात, झेंडा दुसऱ्या देशाचा, विमा तिसऱ्याच ठिकाणी. पकडायचं कोणाला?

इथे अण्णा थोडे गप्प झाले. पण पटल्यामुळे नव्हे. अण्णा गप्प झाले की ते आकडेमोड करत असतात.

अण्णा : एक सांगा. तुम्ही आता ज्या टगवर आहात, समजा शेजारी एक जहाज बंद पडलं. तुम्ही दोर टाकाल?

जावई : माणसं वाचवायला लगेच जाऊ. जहाज वाचवायला? कंपनीला विचारावं लागेल. कंपनी त्या तेलकंपनीला विचारेल जिच्या भाड्यावर आम्ही आहोत. आणि समोरच्या जहाजाचा कॅप्टन त्याच्या मालकाला विचारेल.

अण्णा : म्हणजे दोर तयार, हुकूम नाही.

मग जावयाने 'अमोको काडिझ'ची गोष्ट सांगितली. मी ती पूर्वी ऐकली होती, पण अण्णांसमोर सांगताना तो ती सौद्याच्या भाषेत सांगत होता आणि त्यामुळे मला ती पहिल्यांदा नीट कळली.

१६ मार्च १९७८. आखाती तेलाने भरलेला दोन लाख टनांहून मोठा टँकर फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यासमोर होता. सकाळी पावणेदहाला त्याचं सुकाणू निकामी झालं. 'पॅसिफिक' नावाची जर्मन टग त्याच भागातून जात होती, ती मदतीला वळली. पण कुठल्या अटीवर? टगच्या कॅप्टनला लॉइड्सचा खुला करार हवा होता : वाचलं तर वाचलेल्या मालाच्या किमतीतून लवाद ठरवेल तो मोबदला, नाही वाचलं तर काही नाही.

"टक्केवारी," अण्णा म्हणाले.

टँकरच्या कॅप्टनला ठरावीक दराने ओढाई हवी होती.

"रोजंदारी."

बिनतारी संदेश जात-येत राहिले, शिकागोच्या मालकापर्यंत. पहिला दोर लागला तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. सव्वाचारच्या सुमारास तो तुटला. टँकरने खुला करार मान्य केला तोही त्याच सुमारास. दुसरा दोर बांधेपर्यंत रात्र झाली, वारा किनाऱ्याकडे होता, आणि नऊ वाजून गेल्यावर जहाज पोर्साल गावासमोरच्या खडकावर बसलं. सव्वादोन लाख टनांच्या आसपास तेल, जवळजवळ सगळंच, समुद्रात.

अण्णा : सौद्यात वेळ गेला म्हणून बुडालं, की टगच्यात दम नव्हता?

जावई : दोन्ही. टग कमी ताकदीची होती. पण सकाळी अकराला दोन टग ओढायला लागल्या असत्या तर दोर तुटला तरी पुन्हा बांधायला दिवस हातात होता. बंद जहाज वाऱ्याने ताशी दोन-तीन मैलांनी सरकतं. किनारा वीस मैलांवर असेल तर तुम्हाला सात ते दहा तास. त्यातले चार सौद्यात गेले तर उरलेल्यात टगला तिथवर पोहोचायचंही असतं.

त्यानंतर फ्रान्सने दोन गोष्टी केल्या. ब्रेस्टला 'आबेय फ्लान्द्र' ही जबर टग कायमची ठेवली. आता तिच्या जागी 'आबेय बुर्बों' आहे. आणि तिथल्या सागरी प्रिफेक्टला, म्हणजे नौदलाच्या एका अधिकाऱ्याला, असा अधिकार दिला की जहाजमालकाला मुदत घालून नोटीस द्यायची. त्या वेळात त्याने टग घेतली नाही तर सरकार दोर लावेल आणि बिल त्याला पाठवेल. बहुतेक वर्णनांत टगचंच कौतुक असतं. मला नोटीस जास्त महत्त्वाची वाटते. ब्रिटननेही पुढे, १९९६ मध्ये 'सी एम्प्रेस'चं तेल वेल्सच्या किनाऱ्याला लागल्यावर, असा एकच माणूस नेमला, ज्याच्या निर्णयात मंत्र्यानेही मधेच हात घालायचा नाही. २०११ मध्ये त्यांनी टग कमी केल्या. हा माणूस काढला नाही.

अण्णा : आमच्या द्राक्षांचं २०१० साली हेच झालं.

जावई : कसं?

अण्णा : युरोपात कंटेनर पोहोचले, तिकडे तपासात क्लोरमेक्वाट या फवारणीच्या औषधाचा अंश निघाला. माल धक्क्यावर. परत आणायचा? दुसरीकडे वळवायचा? फेकायचा? निर्यातदार आयातदाराकडे बोट दाखवतो, तो प्रयोगशाळेकडे. रीफरची, म्हणजे थंड कंटेनरची, वीज चालू, भाड्याचं मीटर चालू. निर्णय जो घ्यायचा होता तो पहिल्या आठवड्यात घेतला असता तर निम्मा माल कुठंतरी गेला असता. पण 'हो' म्हणायचा हक्क कोणाला, हेच कोणाला माहीत नव्हतं.

जावई : अगदी तेच.

अण्णा : मग मला सांगा, आपल्याकडे 'ओढ' असं कोण म्हणतं?

जावयाने बोटं मोजायला सुरुवात केली. मुंबईतलं नौवहन महासंचालनालय टग भाड्याने घेतं आणि जहाजमालकाला आदेश देतं. तेलगळती झाली की राष्ट्रीय योजनेप्रमाणे, ती १९९६ पासून आहे, समन्वय तटरक्षक दलाचा. पण ७०० टनांपर्यंतची गळती बंदराने किंवा तेलकंपनीने आवरायची. बंदराच्या हद्दीत बंदर. लहान बंदरं आणि खाड्या राज्याच्या मेरीटाइम बोर्डाकडे. किनारा जिल्हाधिकाऱ्याकडे. माणसं काढायला तटरक्षक दल आणि नौदल.

अण्णा : इतक्या जणांना विचारून आमच्याकडे विहिरीत पडलेलं वासरूसुद्धा निघणार नाही.

जावई : प्रत्यक्षात ही माणसं फोनवर बोलून बऱ्याच गोष्टी पटकन करतात, त्यांना नावं ठेवू नका. वान हाय ५०३ पाहा. ९ जून २०२५ ला कोलंबोहून न्हावा शेव्याला येणारं कंटेनर जहाज केरळच्या कन्नूरसमोर पेटलं. बावीसपैकी अठरा वाचले, चार बेपत्ता झाले. जहाज जळतंय, आत स्फोट होतायत आणि पावसाळी वारा त्याला किनाऱ्याकडे आणतोय. नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरने बचाव पथकाची माणसं त्या जळत्या जहाजावर उतरवली, त्यांनी 'ऑफशोअर वॉरियर' टगचा दोर बांधला आणि जहाज पश्चिमेला ओढलं. ते किनाऱ्याला लागलं नाही. मला तर हे आपल्याकडचं सगळ्यात चांगलं काम वाटतं.

अण्णा : म्हणजे बाजारातली टग कामाला आलीच की!

जावई हसला. अण्णांचा मुद्दा बरोबर होता आणि त्याला ते माहीत होतं.

पण मला एक विचारायचं होतं, ते मी विचारलं. तौक्तेच्या वेळी काय झालं?

आमच्या घरात तौक्ते वादळाचं नाव फारसं काढत नाहीत. १७ मे २०२१. मुंबई हायमध्ये 'पी-३०५' हे राहण्याचं बार्ज नांगर तुटून भरकटलं आणि बुडालं. त्याच्यावर २६१ माणसं होती. 'वरप्रदा' नावाची टगही बुडाली. तिच्यावर तेरा, वाचले दोन. दोन्ही मिळून ८६ जण गेले. वादळाची सूचना हवामान खात्याने काही दिवस आधी दिली होती.

अण्णा : टगच बुडाली. मग?

जावई : वरप्रदा या कामाची टग नव्हती, अण्णा. आणि पी-३०५ ला त्या रात्री जगातल्या कुठल्याही टगने दोर लावला नसता. त्याला वाचवायची वेळ होती तीन दिवस आधी, समुद्र शांत असताना. बार्ज बंदरात आणा, एवढं कोणीतरी म्हणायला हवं होतं.

अण्णा : पुन्हा तेच. कोणीतरी.

जावई : पण त्याच दिवशी आणखी तीन बोटी भरकटल्या. 'गाल कन्स्ट्रक्टर' बार्ज, १३७ माणसं, पालघरच्या किनाऱ्याकडे. नौवहन महासंचालनालयाची ईटीव्ही 'वॉटर लिली' त्याच्या मदतीला पाठवली होती. पण बार्ज उथळ पाण्यात शिरलं की मोठी टग जवळ जाऊ शकत नाही, तीच रुतेल. माणसं शेवटी हेलिकॉप्टरने काढली. म्हणून म्हणतो, जहाज खोल पाण्यातच गाठायला हवं, म्हणजे टग आधीच जवळपास हवी. हे सगळं वाढवणपासून हाकेच्या अंतरावर झालंय.

आणि उरलेल्या दोन? गुजरातेत पिपावावच्या बाजूला 'सागर भूषण' हे तेलविहिरी खोदणारं जहाज आणि 'सपोर्ट स्टेशन-३' हे बार्ज. दोन्ही मिळून तीनशेच्या आसपास माणसं. नांगर तुटून तीही वाहत चालली होती. ओएनजीसी आणि शिपिंग कॉर्पोरेशनच्या टगांनी त्यांना धरलं, नौदलाची 'तलवार' सोबत राहिली. सगळे सुखरूप आले.

ही नावं अण्णांनी कधी ऐकली नव्हती. मीही विसरले होते. ज्या माणसाने अर्धा तास टगची वकिली केली, त्याने ही गोष्ट सगळ्यात शेवटी, तीही मी विचारल्यावर सांगितली. माझ्या मते पहिला मुद्दा हाच असायला हवा होता. पण धरून आणलेल्या जहाजाची बातमी दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर जाते आणि तिसऱ्या दिवशी कुठेच नसते, त्यामुळे टगवर काम करणाऱ्यांनाही ती पटकन आठवत नसावी.

अण्णा : बरं, एवढं मान्य की टग जवळ हवी. पण बारा महिने कशाला? चार महिने पावसाळ्याचे ठेवा. जून ते सप्टेंबर.

जावई : तौक्ते मेमध्ये आलं.

अण्णा : एखादं वर्ष.

जावई : २०२५ मध्ये 'एल्सा-३' कोचीसमोर बुडालं ते २५ मेला. ६४० कंटेनर, त्यात कॅल्शियम कार्बाइडचेही होते. पाणी शिरलेल्या जहाजाला टगने वाचवलं असतं असं मी म्हणत नाही. पण तारीख पाहा. केरळात मान्सून २४ मेला आला होता.

यावर अण्णांना बोलता येईना, कारण त्या मेमध्ये पावसाने काय केलं ते नाशिक जिल्ह्याला सांगायला नको. काढणीला आलेला न् शेतात पोळ घातलेला उन्हाळ कांदा जागेवर सडला होता. एक जूनला पाऊस येतो असं धरून ज्याने ताडपत्री घेतली नाही, त्याला अण्णांनी स्वतः मूर्खात काढलं होतं. ते मला आठवत होतं, आणि त्यांनाही.

अण्णा : ठीक. बारा महिने. पण पैसे आम्ही द्यायचे नाहीत.

जावई : नका देऊ. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या टोकाला निया बे आहे, तिथे १९९९ पासून अशी टग असते. आधी फक्त हिवाळ्यात, सरकारी पैशाने. २००८ पासून बारा महिने. मग राज्याने २००९ मध्ये कायदा केला : खर्च इथून जाणाऱ्या जहाजकंपन्यांचा. २०१० पासून त्याच देतात.

अण्णा : हे आधी का नाही सांगितलं? इथं तासभर तिजोरी-तिजोरी चाललंय!

खिशातून चष्मा निघाला. म्हणजे आता हिशेब.

अण्णा : न्हावा शेव्याला वर्षाला कंटेनर किती?

जावई : वीस फुटीच्या मापाने धरले तर २०२४-२५ मध्ये ७३ लाख.

अण्णा : टगचा खर्च? इंधन, माणसं, भाडं, सगळं धरून.

जावई : मला सांगता येणार नाही. करारावर असतं.

अण्णा : समजा तीस कोटी. जास्त धरलं तरी चालेल. तीस कोटी भागिले त्र्याहत्तर लाख... एकेचाळीस रुपये. माझा रीफर चाळीस फुटी, म्हणजे दुप्पट. ब्याऐंशी.

जावई : एका कंटेनरला ब्याऐंशी रुपये. तांबड्या समुद्राच्या भानगडीत जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, तेव्हा तुमचं भाडं किती वाढलं होतं?

अण्णा : ते नका काढू. ब्याऐंशी जास्त आहेत.

जावई : अण्णा!

अण्णा : का? तेल सांडायची भीती जास्त कोणाची? टँकरची. जवाहर द्वीपला जे टँकर येतात त्यांनी कंटेनरच्या दुप्पट द्यावं. कोळशावाल्यांनी द्यावं. वाढवण सुरू झालं की तिथले कंटेनर यात आले पाहिजेत, मग आमचा भार निम्म्याला येतो. आणि जी जहाजं मुंबईला न थांबता नुसती समोरून गुजरातेत जातात, त्यांचं काय? त्यांचं इंजिन बंद पडणार नाही का? त्यांच्याकडनं कांडल्याला घ्या, मुंद्र्याला घ्या.

जावई : ते केंद्राला करावं लागेल. सगळ्या बंदरांना एकच दर.

अण्णा : मग करावं. आणि दुसरं. पैसे घेतले की ती टग दुसरीकडे भाड्याने द्यायची नाही. तेलकंपनीचं सामान पोहोचवायला गेली न् इकडे जहाज आपटलं, हे चालणार नाही.

जावई : तसं झालं तर नुसती उभीच राहील की. तुम्हीच म्हणत होतात, काम नसताना उभं राहायचे पैसे...

अण्णा : माझ्या पैशाने उभी असली तर उभीच राहू दे. आणि तिसरं, कागदावर एकाच माणसाचं नाव पाहिजे. कमिटी नको. रात्री दोन वाजता फोन उचलणारा. त्याने 'ओढ' म्हटलं की ओढायचं, मालकाशी टक्केवारी-रोजंदारी काय असेल ती मागून लवादात. हे तिन्ही असलं तर माझी सही.

जावई : ब्याऐंशीवर?

अण्णा : पन्नासवर.

जावई : सत्तर.

अण्णा : बासष्ट. न् त्यातले अर्धे आयातदाराकडनं.